निळ्या पिंपात आधी काय होतं?

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही भांडुपला डोंगरावरच्या वस्तीत राहतो. नळाला पाणी पहाटे येतं, जेमतेम सव्वा तास, आणि धार करंगळीएवढी. घरात सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. महिन्यापूर्वी ह्यांनी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं. तो म्हणाला, "केमिकलचं आहे, पण धुऊन घेतलं की झालं." मी कपड्याच्या पावडरने तीनदा धुतलं, ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवलं. वास कमी झाला, पण गेला नाही. नेलपॉलिशसारखा, थोडा रंगाच्या दुकानासारखा येतो. आता संडास धुवायचं अ‍ॅसिड आणून ठेवलंय, अजून वापरलेलं नाही. पिंपाला अर्धं फाटलेलं लेबल आहे. त्यावर लाल चौकटीत ज्वाळेचं चित्र आणि १२६३ हा आकडा दिसतो. सासूबाई म्हणतात, चार दिवस उन्हात ठेव. पाणी प्यायचं नाही, आंघोळीला आणि भांड्यांना वापरायचंय. आणखी काय लावून धुऊ?
एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक काम करा. ते अ‍ॅसिड पिंपाजवळ नेऊ नका, जिथे आहे तिथेच राहू द्या. तुमच्या पिंपात ब्लीचिंग पावडरीचा अंश अजून असणार, बुचाच्या आट्यांत आणि तळाच्या खाचेत. त्यावर अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू. मोरीएवढ्या बंद जागेत त्याचे दोन श्वासही घशाला आणि फुप्फुसाला पुरे होतात. ब्लीचिंगबरोबर अमोनिया, स्पिरिट किंवा थिनरही मिसळायचं नसतं. वास जात नाही म्हणून एकावर एक वस्तू ओतत जाणं, यातूनच घरोघरी अपघात होतात. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा "अजून वापरलेलं नाही" या शब्दांपाशी येऊन जिवात जीव आला.

आता मूळ प्रश्न. उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण फिरवून सांगण्यात अर्थ नाही : हे पिंप काहीही लावून धुतलं तरी घरात वापरण्याजोगं होणार नाही.

लेबलावरचा १२६३ हा धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक आहे. बहुतेक वेळा त्याच्याआधी यूएन ही अक्षरं असतात. तुमच्याकडे ती फाटून गेली असावीत. १२६३ म्हणजे रंग आणि रंगाशी संबंधित माल, त्यात थिनरही आलं. हा एका रसायनाचा आकडा नाही, अख्ख्या कुळाचा आहे. थिनरमध्ये टोल्युइन असेल, झायलीन असेल, अ‍ॅसिटोनसारखं काही असेल. कारखान्यागणिक कृती बदलते. तुम्ही सांगताय तो वास या कुळाशी जुळतो.

निळं पिंप हे एचडीपीई नावाच्या प्लास्टिकचं असतं. ते मजबूत असतं, पाण्याला आणि मिठाला दाद देत नाही, पण टोल्युइन-झायलीनसारखी द्रावकं, म्हणजे रंग विरघळवणारी द्रव्यं, ते पितं. हिंगाचा प्लास्टिकचा डबा आठवा. कितीही घासा, उन्हात ठेवा, लिंबू फिरवा, वर्षभराने झाकण उघडलं तरी हिंग आहेच. कारण हिंगाचा वास डब्यावर बसलेला नसतो, डब्यात शिरलेला असतो. पिंपाचंही तेच. दोनशे लिटरचं रिकामं पिंप साधारण आठ-नऊ किलोचं असतं. त्याने आपल्या वजनाच्या शंभरात एक भाग द्रावक प्यायलंय असं धरलं तरी ते ८० ग्रॅमच्या वर जातं. घासणी आणि साबण पोचतात फक्त पृष्ठभागापर्यंत. भिंतीच्या आतलं द्रावक नंतर हळूहळू, आठवडेच्या आठवडे बाहेर येत राहतं, तुम्ही भरलेल्या पाण्यात.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. उन्हाने वरच्या थरातलं द्रावक उडतं आणि वास उतरतो. पण आत किती उरलं ते घरी मोजता येत नाही. शिवाय मे महिन्यात पत्र्याखाली पिंप तापलं की आतलं पुन्हा बाहेर येऊ लागतं. आणि नाकावर तर मुळीच विसंबू नका. मी एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रेझिनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. सकाळी आठला आत शिरताना स्टायरिनचा वास डोक्यात जायचा, अकरा वाजता तो मला येतच नसे. हवा तीच असायची, नाक थकलेलं असायचं. संध्याकाळी विक्रोळीला घरी आले की सासरे दारातच म्हणायचे, "पोरी, साडी बदल आधी." महिनाभर रोज पिंप हुंगणाऱ्या तुम्हाला वास "कमी झाला" असं वाटणं मी म्हणूनच पुरावा मानत नाही. आणि ज्यांना वासच नाही अशी विषं वेगळीच. क्रोमियमच्या मुलाम्याचं पाणी, जड धातूंचे क्षार यांचं नाकाला काही कळत नाही.

"प्यायचं नाही, आंघोळीला" असं तुम्ही लिहिलंय. आंघोळीचं पाणी आपण तापवतो, लहानशा मोरीत दार लावून घेतो, आणि मुलं तिथे खेळत बसतात. गरम पाण्यातून द्रावकाची वाफ निघते आणि ती थेट श्वासात जाते. भांडी विसळली की तेच पाणी ताटाला लागून राहतं. पोरं चूळ भरतात ती कुठल्या पाण्याने, हे आपण बघायला थोडेच असतो? घरात एकदा पिंप आलं की पिण्याचं आणि वापरायचं ही सीमा चार दिवस टिकते.

मी इतकं कडक का बोलते, ते सांगते. आमच्या कारखान्यात भांडारात एक मदतनीस होता, सज्जन, मेहनती. त्याने पस्तीस लिटरचा एक रिकामा कॅन घरी न्यायला मागितला. गेटपासवर सही माझी होती. कॅन इपॉक्सीच्या हार्डनरचा, म्हणजे इपॉक्सी रेझिन कडक करणाऱ्या द्रव्याचा होता, आणि त्याने तो "सात पाण्यांनी" धुतला होता. चारेक महिन्यांनी तो बायकोच्या हातांसाठी डॉक्टर सुचवा म्हणून माझ्याकडे आला. बोटांच्या मधे कातडी फुटलेली, मनगटापर्यंत लाल, रात्री झोप नाही. गजकर्णाची मलमं लावून झाली होती. मी विचारलं, घरात नवीन काय आलं? आणि विचारतानाच मला उत्तर कळलं. हार्डनरमधल्या अमाइन्स नावाच्या रसायनांची त्वचेला अ‍ॅलर्जी जडते, आणि एकदा जडली की पुढे अगदी थोडा अंशही पुरतो. कॅन काढून टाकल्यावर हात बरे व्हायला पावसाळा उजाडला. ती बाई मला कधी एक शब्दही बोलली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यानंतर आमच्या भांडारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रिकाम्या कॅनला आणि पिंपाला खाली दोन भोकं पाडायची, हा नियम मी लावून घेतला. भोक पडलेल्या पिंपात कुणी पाणी भरत नाही.

तेव्हा पिंप घेताना विचारायचा प्रश्न "धुऊ कशाने" हा नव्हे, "यात आधी काय होतं" हा. प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असतो. बरेच जण तो पाहून "फूड ग्रेड आहे" म्हणतात. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. पेला आणि काट्याचं चित्र असलं तरी ते कोऱ्या पिंपाविषयी असतं, नंतर त्यात काय भरलं त्याविषयी नाही. १एच१ किंवा १एच२ असा ठसा दिसला तर तो पिंपाचा प्रकार आहे. १एच१ म्हणजे वरून बंद, फक्त दोन बुचं असलेलं. १एच२ म्हणजे अख्खं झाकण निघणारं. लाल चौकटीचा चौकोन दिसला, त्यात कवटी असो, ज्वाळा असो, हातावर सांडणारा थेंब असो, छातीवर चांदणी फुटलेला माणूस असो की मेलेला मासा, ते पिंप घरासाठी नाही. चार आकडी क्रमांकही ओळखून ठेवा. १७८९ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, १८३० सल्फ्युरिक, १८२४ कॉस्टिक सोड्याचं द्रावण, १२९४ टोल्युइन, १२३० मिथेनॉल. आणि लेबल खरवडून काढलेलं, भिंती चकचकीत पुसलेलं पिंप मला सगळ्यात संशयास्पद वाटतं. पिंपं दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या करतात. लेबल पहिल्या मालाचं असतं. शेवटच्या फेरीला त्यात काय होतं, ते भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं.

काही वाचक विचारतील, अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक तर पाण्यात विरघळतं, प्लास्टिक ते पीत नाही, मग ते पिंप धुऊन का चालू नये? रसायनशास्त्र म्हणून मुद्दा बरोबर आहे. पण तळाशी पेलाभर सल्फ्युरिक उरलेलं असताना त्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते उकळून तोंडावर उडतं. कॉस्टिक तर डोळ्यात गेलं की अ‍ॅसिडपेक्षा खोल जातं. मुलाम्याच्या कारखान्यातल्या अ‍ॅसिडात क्रोमियम मिसळलेलं असू शकतं. शाळेत केलेला जास्वंदीचा प्रयोग, किंवा साबणाने लाल होणारा हळदीचा डाग, यांनी अ‍ॅसिड-अल्कली कळेल; क्रोमियम, कीटकनाशक, थिनर यांतलं काही कळणार नाही. हे काम हातमोजे, चष्मा, सांडपाण्याची सोय असलेल्या ठिकाणचं आहे, चाळीच्या गॅलरीतलं नाही. चुकून असं काही डोळ्यात गेलंच तर लिंबू, दूध काही न लावता नळाच्या साध्या पाण्याने निदान वीस मिनिटं डोळा धूत राहा आणि तसंच दवाखान्यात जा.

मग तुमच्या घराने करायचं काय? सव्वा तासाच्या पाण्यात सहा माणसांना पिंप लागणारच. मी लालबागच्या चाळीत वाढले. पहाटे चारला आई तांब्याचं पिंप भरायची, त्याला चिंच लावून घासण्याचं काम माझं. त्यामुळे पिंपाशिवाय चालवा असं मी म्हणणार नाही. जमलं तर कोरं पिंप घ्या. दोघी-तिघींनी मिळून एकदम घेतली तर दुकानदार भाव उतरवतो. जुनंच घ्यायचं असेल तर ज्याने ते रिकामं केलं त्याच्याकडूनच घ्या, मधल्या माणसाकडून नाही. मिठाईवाले आणि बेकरीवाले लिक्विड ग्लुकोज पिंपांनी घेतात. मिठाच्या पाण्यातल्या काकड्या, व्हिनेगर, ग्लिसरीन यांचीही पिंपं असतात. कारखान्याच्या मागच्या दाराशी उभं राहून, लेबल शाबूत असलेलं, डोळ्यांदेखत रिकामं झालेलं पिंप मागा. आणि अख्खं झाकण निघणारं, लोखंडी कड्याने आवळायचंच घ्या. दोन बुचांच्या पिंपात हात जात नाही. जिथे हात जात नाही तिथे स्वच्छताही होत नाही.

असं पिंप मिळालं तर धुणं सोपं आहे, फक्त घाई करायची नाही. मोरीत नव्हे, उघड्यावर सावलीत न्या. आधी नुसतं साधं पाणी, दहा-पंधरा लिटर. झाकण लावून पिंप आडवं पाडा, दोघांनी मिळून लोळवा, उलटं करा, ओता. असं तीनदा. ग्लुकोज गार पाण्याला हटत नाही, म्हणून नंतर हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने घासा. उकळतं पाणी ओतून झाकण घट्ट लावू नका. आधी वाफेने दाब येतो आणि गार झालं की पिंप आत ओढलं जातं. तारेची घासणी वापरू नका, तिचे ओरखडे पडतात आणि पुढे त्यांत शेवाळ आणि बुळबुळीत थर धरतो. झाकणाच्या आतली रबरी रिंग काढून वेगळी धुवा, चिरलेली असेल तर नवी घाला. डोकं पिंपात घालून घासू नका. लेकराला तर "तू लहान आहेस, आत उतर" असं चुकूनही सांगू नका. सोड्याचं पाणी पूर्ण निघालं की पिंप काठोकाठ भरा आणि घरगुती चार टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट पाव लिटर घाला. ते साध्या पाण्यातच जाऊ द्या, दुसरं काहीही त्यात नको. रात्रभर ठेवा. सकाळी ओता, दोनदा खळबळा आणि दोन विटांवर उलटं टेकवून दोन दिवस उन्हात वाळवा. मग स्वच्छ पाण्याने भरून झाकण लावून एक दिवस ठेवा. हे पाणी आधी घरात न राहणाऱ्या माणसाला हुंगायला द्या, शेजारीण बोलवा. तिला काही वास आला तर पिंप परत. इतकं करूनही पिण्याचं पाणी स्टीलच्या किंवा तांब्याच्या भांड्यातच भरा. भांडुप आणि पांजरापूरच्या प्रकल्पांत महापालिका सात तलावांचं पाणी शुद्ध करून पाठवते. ते घरापर्यंत चांगलं आलंय, शेवटच्या दोन हातांत बिघडायला नको.

एक जाता जाता. भरलेलं पिंप दोनशे किलोचं होतं. डोंगरावरच्या घरात पोटमाळ्यावर किंवा कडेच्या लाकडी फळ्यांवर ते ठेवू नका, खाली पक्क्या जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. आणि तुमचं धाकटं किती वर्षांचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. स्टुलावर चढून डोकावणारं वय असेल तर झाकणाचं कडं कायम आवळलेलं असू द्या.

आणलेल्या पिंपाचं असं करा. आतलं उरलंसुरलं पाणी गटारात ओतू नका. आपली पावसाळी गटारं थेट खाडीला आणि मिठीला जाऊन मिळतात. बुचं लावा, त्यावर खडूने नव्हे, तेलरंगाने मोठ्या अक्षरांत "विषारी, पाणी भरू नये" असं लिहा आणि ज्याच्याकडून आणलं त्याला परत द्या. तो पैसे देणार नाही म्हणेल. पैसे सोडा, पण दुसऱ्या कुणाला विकू नकोस असं त्याला बजावून सांगा. रसायनं लागलेली रिकामी पिंपं २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत घातक कचरा म्हणूनच मोजली जातात. ती धुऊन पुन्हा वापरात आणणाऱ्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. मंडळाचं मुख्य कार्यालय शीवला आहे. तुमच्या वस्तीत अशी दहा-बारा पिंपं असतील, असावीतच, तर सगळ्यांनी मिळून एक अर्ज तिथे आणि एक वॉर्ड ऑफिसात द्या. मसुदा लागला तर मला लिहा, मी करून देईन.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर थंडीत पोपटी आणि भाजलेली कणसं करायची आहेत. एकाकडे दोनशे लिटरचं रिकामं लोखंडी बॅरल आहे. ते मधोमध कापून दोन शेगड्या करायचा बेत आहे. वेल्डर दोनशे रुपयांत गॅस कटरने कापून देतो म्हणतो. आधी आतून साबणाने धुवावं का?
एक वाचक, दहिसर

उत्तर : दादा, कापू देऊ नका. वेल्डरला आजच फोन करा.

भरलेल्या बॅरलपेक्षा रिकामं बॅरल जास्त धोक्याचं असतं, हे ऐकायला उलटं वाटतं. भरलेल्यात हवेला जागा नसते. रिकाम्यात उरलेल्या थेंबांची वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार होतं आणि त्याला फक्त ठिणगी हवी असते. टोल्युइनची वाफ हवेत शंभरात सव्वा भागाच्या आसपास पोचली की ती पेट घेऊ शकते. हिशेब केला तर दोनशे लिटरच्या बॅरलला साधारण दहा मिलिलिटर टोल्युइन पुरतं, म्हणजे दोन चहाचे चमचे. बॅरलच्या तळाच्या दुमडलेल्या शिवणीत एवढं सहज दडून बसतं, आणि ते टोल्युइन आपल्या मुंबईच्या कुठल्याही ऋतूत आपोआप वाफ धरतं. ती वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते, त्यामुळे बूच उघडून ठेवलं तरी तळाशी साचून राहते. साबणाचं पाणी शिवणीत पोचत नाही. जाड तेल किंवा रेझिन असेल तर गार असताना ते गप्प असतं आणि कटरच्या आचेने वाफ सोडायला लागतं. ग्राइंडरने कापलं तरी ठिणग्या उडतातच.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या कुंपणाबाहेर एका भंगाराच्या वखारीत दुपारी एक बॅरल कापत होते. प्रयोगशाळेच्या काचा थरथरल्या. आम्ही धावलो तेव्हा बॅरलचा तळ रस्त्याच्या पलीकडे पडला होता, कापणाऱ्या मुलाचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले होते. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. त्याला गाडीत घालताना तो मला सांगत होता, "बाई, रिकामं होतं, खरंच रिकामं होतं."

शेगडीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून कोरा पत्रा घ्या किंवा तयार शेगडी विकत आणा. बॅरल कुणी आधीच कापून दिलं तरी त्यात अन्न शिजवू नका. अनेक बॅरलना आतून इपॉक्सी-फिनॉलिकचं अस्तर असतं, बाहेरून रंग असतो. ते जळताना जो धूर निघतो तो कणसांना लागतो आणि आजूबाजूच्या पोरांच्या नाकातोंडात जातो. पोपटी तर मडक्यातलीच खरी. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मातीचं मडकं एवढं जमवा, रायगडातली माणसं गच्चीवर असली तर ती बाकीचं सांगतील.

प्रश्न : निवृत्तीनंतर गच्चीवर भाजीपाला लावतोय. शेतीच्या औषधांचे वीस लिटरचे कॅन आणि पन्नास लिटरची पिंपं स्वस्तात मिळतात. कापून कुंड्या केल्या, माती भरली, तर मातीत औषध उतरून जाईल ना?
एक वाचक, बोरिवली

उत्तर : उतरेल, आणि तिथून मेथीत जाईल. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरव्यालाही निर्धास्त समजू नका. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट म्हटलंय की रिकामी वेष्टनं पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून बाहेर टाकून ठेवायची नाहीत, फोडून वस्तीपासून दूर पुरायची. शेतात तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओततात. ते औषध वाया जाऊ नये आणि डबा पुढे नष्ट करताना विष कमी असावं म्हणून. घरात वापरायला डबा मोकळा झाला असा त्याचा अर्थ नाही.

कुंड्यांसाठी वर सांगितलेली ग्लुकोजची किंवा खाद्यतेलाची पिंपं घ्या. तेलाचं असेल तर सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवा. आडवं कापून तळाला पाच-सहा भोकं पाडा आणि कडा घासून गुळगुळीत करा, प्लास्टिकची कड हात कापते. मातीने भरलेलं अर्धं पिंप ओलं झालं की शंभर किलोच्या वर जातं. गच्चीवर ती तुळईच्या रेषेत, भिंतीलगत मांडा आणि मांडण्याआधी सोसायटीला विचारा.

प्रश्न : परळला चाळीत राहते. घरच्या शाडूच्या गणपतीचं विसर्जन यंदा दारातच करायचं आहे. कोपऱ्यावरच्या रंगवाल्याने जुनं पिंप देतो म्हटलंय. एका दिवसाचाच प्रश्न आहे, चालेल का?
एक वाचक, परळ

उत्तर : विसर्जनाचं पाणी आणि माती तुम्ही नंतर तुळशीला आणि कुंड्यांना घालणार, पोरं त्यात हात घालणार, तीर्थ म्हणून डोळ्यांनाही लावणार. रंगवाल्याचं पिंप नको. शाडूची सहा-सात इंची मूर्ती घरच्या स्टीलच्या बादलीत किंवा कपड्यांच्या कोऱ्या टबमध्ये आरामात मावते आणि रात्रीत विरघळते.

चाळीत पाण्याची पिंपं असणारच, म्हणून त्यांच्याविषयीही लिहिते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेशी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करा, आतली भिंत ब्रशने घासून काढा, मग भरा, आणि झाकणात फट असेल तर आधी जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर ताणून बांधून वर झाकण ठेवा.